एरंडेलाचा रविवार

सातारा-सांगलीकडे आजी-आजोबांना विचारा, सुट्टीच्या सकाळचं एरंडेल आठवेल. नाक दाबून चहातून घ्यायचं, मग दिवसभर परसाकडे फेऱ्या. एरंड बांधावरच उगवायचा. त्याच्या तेलातून आतड्यात रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि आतडी जोरात आकसतात. पोट असं ठराविक दिवशी ‘धुवायची’ निरोगी माणसाला गरज नसते.

त्या काळातली मला भीतीदायक वाटते ती सवय वेगळीच: पोट दुखलं तरी एरंडेलच! दुखणं अपेंडिक्सचं असेल, तर जुलाबाच्या औषधाने ते फुटू शकतं.

म्हणून आधी पाणी, भाकरी, पालेभाजी, चालणं. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच. सोनामुखीचं चूर्ण मनाने रोज नको, गरोदरपणी एरंडेल नको. जोराची कळ, उलटी किंवा शौचातून रक्त? थेट डॉक्टरकडे.