दोन पावसांचं बेट

'श्रीलंकेला केव्हा जावं?' असं मला हल्ली बरेच जण विचारतात. एकदा जाऊन आलेल्या माणसाला लोक जाणकार समजतात. मी मात्र तिथं नेमका चुकीच्या महिन्यात गेलो होतो, आणि म्हणूनच या प्रश्नाचा थोडा अभ्यास करावा लागला.

'मोसम' हा आपला रोजचा शब्द. आंब्याचा मोसम, लग्नांचा मोसम. तो आला अरबी 'मौसिम'वरून. त्याचा मूळ अर्थ ठरलेली वेळ. हज यात्रेच्या काळालाही मौसिम म्हणतात आणि समुद्रावर वारा अनुकूल होतो त्या काळालाही. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि पुढं त्याचा 'मान्सून' झाला. माझे आजोबा रत्नागिरीकडच्या गलबतावर तांडेल होते. रमजानचे रोजे ते चंद्र पाहून धरत, पण शाकारून ठेवलेलं गलबत नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय पाण्यात लोटत नसत. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, वारा काही फिरत नाही. पंधराव्या शतकातला थोर अरब नाविक अहमद इब्न माजिदही निघण्याचे दिवस हिजरी महिन्यांनी सांगत नाही, नवरोजपासून मोजून सांगतो.

श्रीलंका महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी मोठी. मधोमध डोंगर. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, रत्नपुरा भिजवतो. तेव्हा डोंगरापलीकडे त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ कोरडी असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा वाहतो आणि पारडं उलटं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधिकाळात तर सगळीकडेच पाऊस. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की देशावर पाऊस उरलासुरला पोचतो. तिथं पलीकडच्या बाजूची स्वतंत्र पाळी येते. तिथले लोक बेटाचे ओला आणि कोरडा असे भाग मानतात. ओल्या भागात वर्षाला २५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, कोरड्यात १७५० हून कमी. म्हणून 'केव्हा जावं' या प्रश्नाला 'कुठं जायचंय?' हाच उलटा प्रश्न करावा लागतो.

हे न विचारता मी २०१६ च्या जूनमध्ये पत्नीला घेऊन निघालो. सहल ठरवणाऱ्यानं 'सीझन नाही, स्वस्तात पडेल' एवढंच सांगितलं. तिला जायचं होतं बाबा आदमच्या डोंगरावर. २२४३ मीटर उंचीच्या त्या शिखरावर एक मोठा पदचिन्हाचा खडक आहे. बौद्ध त्याला बुद्धाचं पाऊल मानतात, हिंदू शिवाचं, आणि आपल्याकडची मुसलमान घरं हजरत आदमचं. तिथली यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला संपते. आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा वाटेवरचे दिवे बंद, दुकानं बंद, डोंगर ढगात. दोन दिवस थांबलो. घरमालक म्हणाला, "वर जाऊ नका, पायऱ्यांवरून पाणी वाहतंय." पत्नी म्हणाली, "पुन्हा येऊ."

परत आल्यावर मी इब्न बतूताचं प्रवासवर्णन काढलं. तो १३४४ साली मालदीवहून मअबरला, म्हणजे तमिळ किनाऱ्याला निघाला होता. गलबतावर अनुभवी वाटाड्या नव्हता. तीन दिवसांची वाट नऊ दिवस झाली आणि गलबत लागलं श्रीलंकेला. तिथल्या राजाला, आर्य चक्रवर्तीला, फारसी समजत होती. त्यानं विचारलं, काय हवं? बतूतानं मागितलं ते एवढंच, पावलाच्या दर्शनाला जाऊ दे. पालखी आणि सोबतीला माणसं मिळाली. पण ते दिवस पावसाळ्याच्या उत्तरार्धाचे. वाटेतल्या जळवा आणि त्यांच्यावर पिळायला सोबत ठेवलेली लिंबं यांचं वर्णन त्यानं करून ठेवलंय. चुकीच्या मोसमात पोचलेला मी एकटाच नाही, याचं मला बरं वाटलं. फरक एवढाच, की तो वर पोचला.

वेळ चुकली तर आमची सहल बुडाली, कधी कधी त्याची किंमत शहरांनी मोजली. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं, जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत. ऑक्टोबरात ईशान्येचा वारा सुटला की तिथं थांबणं म्हणजे धोका. त्या बाजूला आसऱ्याचं चांगलं बंदर एकच, त्रिंकोमाली. जानेवारी १७८२ मध्ये इंग्रजांनी ते डचांकडून घेतलं आणि ऑगस्टअखेर फ्रेंच सेनानी सुफ्रेननं ते इंग्रजांकडून हिरावलं. मग ऑक्टोबरात इंग्रज सेनापती ह्यूजला मोडकं आरमार घेऊन कन्याकुमारीला वळसा घालून थेट मुंबईच्या गोदीत यावं लागलं. मागं मद्रासच्या किनाऱ्यावर वादळात तांदळाची जहाजं गेली आणि शहरावर उपासमारीची पाळी आली. १७९५ मध्ये इंग्रजांनी त्रिंकोमाली पुन्हा घेतलं, त्यामागं हा अनुभवही होता.

आपण ज्याला 'सीझन नाही' म्हणतो, तो तिथल्या शेतकऱ्याचा सीझन असतो. ईशान्येच्या पावसावर कोरड्या भागातलं 'महा' नावाचं भाताचं मोठं पीक उभं राहतं. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजानं पोलोन्नरुव्याला समुद्राएवढा तलाव बांधला तो हेच पाणी धरून ठेवायला. गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं मला जूनमध्ये पूर्व किनाऱ्याला पाठवलं असतं.

तर मंडळी, डोंगर आणि दक्षिण किनारा हवा असेल तर जानेवारी ते मार्च, त्रिंकोमाली हवी असेल तर मे ते सप्टेंबर.

मधल्या वर्षांत पत्नीचे गुडघे गेले. पाच हजारांहून जास्त पायऱ्या आता तिला जमणार नाहीत. परवा मी फेब्रुवारीचा विषय काढला. ती म्हणाली, "जाऊ या. मी खाली चहाच्या दुकानात बसेन, तुम्ही वर जाऊन या." दुकानं तेव्हा उघडी असतात, एवढी खात्री मी करून घेतली आहे.