पांढरीच्या पोटातले वऱ्हाड

वऱ्हाडातील जुन्या गावांच्या शिवारात काळ्याभोर जमिनीच्या मधोमध कधी कधी एक राखी-पांढुरका उंचवटा दिसतो. गावकरी त्याला ‘पांढर’ म्हणतात. काळी ही पिकाची जमीन आणि पांढरी ही वस्तीची, हा भेद मराठी गावगाड्यात पूर्वापार चालत आलेला आहे. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती साचून हा रंग येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पुरातन अवशेषांचा शोध बहुधा या पांढरीपासूनच सुरू होतो.

पाहणीची पहिली पायरी अगदी साधी असते. नांगरट झाल्यावर किंवा पहिल्या पावसानंतर टेकाडावरून ओळीने चालत जायचे. खापरे, मणी, विटांचे तुकडे गोळा करायचे. कोणती वस्तू कोठे मिळाली याची नोंद ठेवायची. खापरांचा रंग, पोत आणि घडण यांवरून काळाचा पहिला अंदाज बांधला जातो. पूर्णा खोऱ्यातील पाहणीतूनच चांदूर बाजार तालुक्यातील फुपगाव पुढे आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 2018-19 मध्ये तेथे केलेल्या उत्खननात लोहयुगीन वसाहतीचे गोल घरांचे अवशेष मिळाले.

वस्ती सापडणे तुलनेने सोपे असते; देवस्थान, स्तूप किंवा विहार ओळखणे अवघड. पवित्र जागा पिढ्यान्‌पिढ्या पवित्रच राहते आणि जुन्या अवशेषांवर नवे देऊळ उभे राहते. विदर्भाच्या पूर्व टोकाला पवनी येथे ज्या टेकडीत 1969-70 मध्ये स्तूप उघडकीस आला, ती ‘जगन्नाथ टेकडी’ म्हणूनच ओळखली जात होती. नांदत्या देवळाखाली कुदळ चालवता येत नाही, आणि चालवूही नये.

अशा वेळी न खणता भूगर्भ तपासणारी उपकरणे कामी येतात. ग्रीसमधील प्राचीन देवस्थानांच्या शोधात ती सर्रास वापरली जातात. वऱ्हाडची जमीन मात्र या उपकरणांना सहजासहजी दाद देणारी नाही. भूवेधी रडारच्या लहरी चिकणमातीत लवकर विरतात, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांमुळे त्या आणखीच क्षीण होतात. चुंबकमापकाने भट्ट्या, चुली, भाजलेल्या विटा हेरता येतात; पण येथील माती बेसाल्टपासून झालेली, म्हणजे मुळातच चुंबकीय खनिजांनी भरलेली. विद्युत्-रोध मोजून गाडलेली भिंत शोधता येते, परंतु ते मोजमाप मातीच्या ओलीवर अवलंबून असते. त्यात काळी माती उन्हाळ्यात हात हात भेगाळते, वरच्या वस्तू भेगांतून खाली जातात आणि पावसात भेगा मिटतात. खाली सापडलेली प्रत्येक वस्तू जुनीच असेल, असे म्हणूनच धरून चालता येत नाही.

दुसरी अडचण परंपरेची. वर्धा नदीकाठचे, तिवसा तालुक्यातील कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. महाभारतातील विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी श्रद्धा आहे. 1960च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. त्याचा अहवाल 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या आधीपासून तेथे वस्ती होती, हे त्यातून दिसले. मात्र खापरावरून काळ ठरतो, राजकन्येचे नाव ठरत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत करण्याचा मोह आपल्याकडे फार आहे.

ग्रंथ आणि जमीन यांचा मेळ कसा बसतो, याचे उत्तम उदाहरण ग्रीसमधील इव्हिया बेटावर मिळते. आर्टेमिस देवीचे अमारिंथोस येथील प्रसिद्ध मंदिर एरेट्रिया नगरीपासून 7 स्टेडिया अंतरावर असल्याचे भूगोलकार स्ट्रेबोच्या ग्रंथात आढळते. तेथे ते कधी मिळाले नाही. ग्रीक अंकलेखनात 7 आणि 60 यांसाठी वापरली जाणारी अक्षरे दिसायला जवळची आहेत. नकलाकाराची चूक झाली असावी, असा तर्क डेनिस क्नोप्फ्लर या स्विस संशोधकाने मांडला. सुमारे 11 किलोमीटरवर शोध घेतला असता 2007 मध्ये भक्कम भिंत लागली. पण स्थाननिश्चिती झाली ती 2017 मध्ये, देवीच्या नावाचा ठसा असलेली कौले हाती आल्यावर.

याउलट बुलढाणा जिल्ह्यातील भोनच्या मागे अशी कोणतीही ग्रंथकीर्ती नव्हती. संग्रामपूर तालुक्यातील, पूर्णेकाठच्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 नंतरच्या काही वर्षांत उत्खनन केले. विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी तेथे आढळल्या. पश्चिम विदर्भातील आद्य-ऐतिहासिक काळाच्या अभ्यासात भोनचे नाव तेव्हापासून आवर्जून घेतले जाते.

हे स्थळ जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. खारपाणपट्ट्यातील शेतीला गोड्या पाण्याची निकड किती आहे, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे स्तूप हवा की धरण, असा सरळ प्रश्न येथे मांडता येत नाही. पांढरीची झीज तर धरणाशिवायही चालूच असते. ती माती पिकाला चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते आणि धाब्याच्या घरांवरही पसरली जाते. मातीबरोबर थरांचा क्रमही जातो, आणि नंतर शेतात सापडलेले खापर मूळचे कोठले, हे सांगता येत नाही. उत्खननात टेकाडाचा थोडाच भाग उघडला जातो, उरलेला पुढच्या संशोधकांसाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. भोनला तो उरलेला भागच जलाशयाच्या रेषेत आहे.