दाराशी आलेले चित्र

इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना लाला दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ग्वाल्हेर, सांची, खजुराहो येथील वास्तूंची त्यांची चित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. १९०५ मध्ये ते निवर्तले. आज त्यांची चित्रे कोणीही मुक्तपणे छापू शकतो, कारण कर्ता कोण आणि तो केव्हा गेला, हे ठाऊक आहे. आपल्या घरांतील जुन्या चित्रांविषयी नेमके हेच ठाऊक नसते. त्यातून जो पेच उद्भवतो, त्याचा थोडा इतिहास येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

एरिक म्योलर यांच्या सूचनेवरून ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे सामाईक चित्रभांडार सुरू झाले. निरनिराळ्या भाषांतील विकिपीडियांना एकच चित्र पुन्हा पुन्हा साठवावे लागू नये, हा मूळ हेतू. पुढे २००६ अखेरीस येथे दहा लाख आणि २०११ मध्ये एक कोटी संचिका जमल्या. आता ती संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. राखणदार मात्र बिनपगारी स्वयंसेवक, आणि तेही मूठभर. त्यांचा दंडक कडक आहे. चित्र मूळ देशात आणि अमेरिकेतही मुक्त हवे. व्यापारी वापरासही मोकळीक हवी. आणि हे सिद्ध करण्याचा भार चित्र आणणाऱ्यावर. गंभीर शंका उरली, तर चित्र काढले जाते.

नवागत येथेच अडखळतो. आजोबांचे चित्र आपल्या पेटीत आहे, म्हणून ते आपले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ‘स्वतःची निर्मिती’ असे लिहून तो मोकळा होतो. राखणदाराला दिसते ते एवढेच की, आकार लहान, कॅमेऱ्याची नोंद नाही, आणि चित्र तर साठ वर्षांपूर्वीचे!

गंमत अशी की, नवागताचा दावा अगदीच पोकळ असतो असे नाही. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, काढवून घेणाराच ठरतो. छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रकाशनानंतर साठ वर्षे टिके. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले आणि छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा सर्वसाधारण नियम लागू झाला. पण स्टुडिओची पावती कोणी जपली आहे? हक्क असेलही, पुरावा नसतो.

राखणदाराचा संशय आम्हांस अनाठायी वाटत नाही. समोर नसलेल्या एखाद्या छायाचित्रकाराच्या हक्काची बाजू तेथे दुसरे कोण घेणार? परंतु साचेबंद सूचना वाचून परतलेला मनुष्य पुन्हा येईलच असे नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची पेटीही परत जाते. बेळगाव, बडोदे, ग्वाल्हेर येथील मराठी घरांचा दृश्य इतिहास मुख्यतः अशा पेट्यांतच आहे. चोरी थांबते आणि ठेवाही दाराबाहेर राहतो. दोन्ही एकाच नियमाने घडते.

एक व्यवस्था मात्र मनाला भावते. काढलेले चित्र तेथे सहसा नष्ट होत नाही, दृष्टीआड ठेवले जाते. आणि हक्क केव्हा संपेल हे कळत असेल, तर ते कोणत्या वर्षी परत आणावे याची नोंद करता येते. म्हणजे नकारालाही तेथे मुदत असू शकते.

पण ती मुदत मोजण्यासाठी कर्त्याचे नाव हवे. म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : कोणाचे, कोठले, केव्हाचे आणि कोणी काढलेले. चौथी गोष्ट आपण नेहमी विसरतो. दाराशी पहिला प्रश्न तिचाच होतो.