सुईचं टोक कुणाला दिसतं?

फौजेत रंगरुटाला पहिल्याच दिवशी जिवंत काडतूस मिळत नाही. आधी ड्रिल काडतुसं, कोरडा सराव, मग रेंज. तिथंही उस्तादाची नजर त्याच्या बोटावर. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालायला शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांचा हात मात्र कित्येक दशकं थेट रुग्णावरच बसत आला.

सुरुवात झाली ती स्वतःच्या देहावर. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्ड. वेर्नर फोर्समान या शिकाऊ डॉक्टरला वरिष्ठांनी मनाई केली होती. मदतीला आलेल्या परिचारिकेला वाटलं, प्रयोग आपल्यावर होणार. त्यानं तिला टेबलाला बांधलं आणि नळी सरकवली स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेतून! मग पठ्ठ्या चालत एक्स-रे विभागात गेला, नळी हृदयापर्यंत पोचल्याचं पाहून आला. आदेश मोडणाऱ्याचं कौतुक मी सहसा करत नाही. पण नळीचं टोक कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायचा त्याचा हट्ट मला महत्त्वाचा वाटतो. १९५६ साली त्याला नोबेल विभागून मिळालं.

१९५२ मध्ये ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकानं कॉलरबोनखालच्या शिरेची वाट दाखवली. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगरनं सुईतून तार आणि तारेवरून नळी घालायची रीत दिली. हात झपाट्यानं चालू लागले. शिकवणं मात्र अवघड झालं. शेजारी धमनी, खाली फुप्फुस, आणि खुणा फक्त हाडा-स्नायूंच्या. सुई शिकाऊच्या हातात, टोक कातडीखाली. गुरूला ना ते दिसत होतं, ना जाणवत होतं. चूक कळायची ती लालभडक रक्त उसळल्यावर, नाहीतर रुग्णाला धाप लागल्यावर.

अल्ट्रासाउंडनं प्रथमच दोघांना एकच चित्र दाखवलं. २००२ साली ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं मानेतल्या शिरेसाठी त्याची शिफारस केली. पण पडदाही फसवतो: आडव्या छेदात सुईचा मधला भागसुद्धा टोकासारखाच ठिपका दिसतो. म्हणून आधी पुतळ्यावर सराव. २००९ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अभ्यासात, पुतळ्यावर पक्कं शिकलेल्यांना कमी वेळा टोचावं लागलं आणि धमनीलाही कमी वेळा सुई लागली.

तारेचं बाहेरचं टोक मात्र कुठलंच यंत्र धरून ठेवत नाही. ते सुटलं तर अख्खी तार आत जाऊ शकते. नळी चढवताना गुरू आजही शिकाऊच्या त्या चिमटीकडेच बघत उभा असतो.