सतरावी प्रतिज्ञा आणि त्यानंतरचे दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. ती घेताना सभा असते, वंदना असते, शेजारी आपली माणसे असतात. मग माणूस वस्तीत परततो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, झोप उडते. तेव्हा त्याच्याजवळ कोण असते? ‘मनाचा निश्चय हवा’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी हजारो आदिवासींनी एकदम दारू सोडली होती. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत सुरू झालेली ही देवीची चळवळ १९२२च्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पसरली. त्याआधीची परिस्थिती समजून घ्या. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरले. दारू सरकारमान्य पिठ्यावरच घ्यायची. पिठेवाले मुख्यतः पारशी. तेच उधार पाजणार, तेच सावकारी करणार. उधारी फिटली नाही की जमीन जायची आणि त्याच शेतावर मालक मजूर व्हायचा. सरकारला महसूल मिळायचा तो वेगळाच.

मांडवात अंगात येऊन आज्ञा सुटत : दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, पारशांकडे कामाला जाऊ नका. अंगात येणे आपल्याला पटणारे नाही, पटूही नये. पण शेवटची आज्ञा नीट वाचा. नुसती बाटली फोडून ते थांबले नाहीत. बाटली ज्याच्या हातून येत होती त्याच्याशी व्यवहारच तोडला. आणि हे एकट्याने नव्हे, गावेच्या गावे मिळून. याला ‘संस्कृतीकरण’ म्हणून निकालात काढणाऱ्यांना मजुरांचा बहिष्कार दिसतच नाही. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या आपल्या पुस्तकात तो दाखवला आहे.

पुढे काय झाले तेही लपवू नये. काही महिन्यांत बरेच जण पुन्हा पिऊ लागले. गावोगाव दोन तट पडले : सोडलेले ते ‘वरजेला’, परतलेले ते ‘सरजेला’. सभा संपल्यावरचे महिनेच कठीण असतात, हे तेव्हाही खरे होते.

आज आपल्या वस्तीत दारू सोडणाऱ्याला आधी दवाखाना लागतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला घरात कोंडून ठेवणे हा उपाय नाही. मग संध्याकाळी बसायला गुत्त्याऐवजी दुसरी जागा लागते. विहार त्याच वेळी कुलूपबंद का असतो, हे विहार समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा. त्याची गुत्त्यावरची उधारी किती आहे, हेही कुणीतरी त्याच्यासोबत बसून मोजले पाहिजे. आणि तो महिनाभराने घसरला, तर त्याला ‘सरजेला’ म्हणून बाजूला काढायचे की पुन्हा दवाखान्यात न्यायचे, हेही त्याच बैठकीत ठरवा.