वर्धा जिल्हा : नैसर्गिक आपत्तींची जोखीम व व्यवस्थापन

महाराष्ट्राच्या नागपूर विभागातील वर्धा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, माळीण किंवा इर्शाळवाडीवर दरडी आणणारे सह्याद्रीचे कडे नाहीत आणि भूकंपाचा धोकाही तुलनेने कमी आहे. येथे हानी होते ती उन्हाने, पावसाच्या खंडाने, एका रात्रीत फुगणाऱ्या नाल्यांनी, विजेने आणि गारपिटीने. ती बहुधा तुकड्यातुकड्यांनी होते. एका गावात नाल्याकाठची दहा वावरे खरडून जातात, दुसऱ्या गावात निंबाखाली थांबलेला मजूर विजेने दगावतो, तिसरीकडे सोंगून ठेवलेले सोयाबीन गंजीतच कोंब धरते. मोठ्या बातमीत न मावणारी ही हानी आपत्ती म्हणून ओळखायला शासनाला बराच काळ लागला. ती ओळख अजूनही अपुरी आहे.

जोखीम मोजताना तीन गोष्टी पाहतात : धोका किती मोठा, त्याच्या वाटेत माणसे व मालमत्ता किती आणि त्यांची सोसण्याची ताकद किती. वेणा नदीला येणारा पूर हा धोका. हिंगणघाटची नदीकाठची वस्ती त्याच्या वाटेत आहे. त्या वस्तीत कोणाचे घर मातीचे आणि कोणाचे स्लॅबचे, यावर नुकसान ठरते. पाऊस शासनाच्या हाती नसतो, उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी असतात. आपत्तीला दैवी कोप मानण्याविरुद्धचा एक गाजलेला वाद वर्ध्याशी लांबून जोडलेला आहे. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. ज्या हरिजन यात्रेत गांधीजी हे बोलले, ती नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघाली होती.

भूरचना व पाऊस : जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,००,७७४ होती. आठ तालुक्यांपैकी आर्वी, आष्टी व कारंजा हे उत्तरेकडील तालुके डोंगराळ आहेत. हिंगणघाट, समुद्रपूर व देवळीकडचा भाग सखल आणि भारी काळ्या जमिनीचा आहे. पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भारी जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो, म्हणून आठवडाभर झड लागली की कपाशी आणि तूर पिवळी पडते. उत्तरेकडच्या उथळ, मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, तिथे पावसाने उघडीप दिली की पीक माना टाकते. एकाच हंगामात एका तालुक्याला ओला आणि दुसऱ्याला कोरडा दुष्काळ भोगावा लागू शकतो, याचे कारण जमिनीतच आहे.

पूर : जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम सीमेवरून वाहणारी वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. तिच्यावरचे ऊर्ध्व वर्धा धरण अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोरा येथे आहे. त्याला १३ दरवाजे आहेत. त्याखाली आर्वी तालुक्यात धनोडी येथे ३१ दरवाजांचे निम्न वर्धा धरण आहे. वेणा नदीचे बरेचसे पाणी नागपूर जिल्ह्यातून येते आणि तिच्यावरील वडगाव धरणही त्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे वर्धा जिल्ह्याच्या पुराचे अनेक निर्णय जिल्ह्याबाहेर होतात. पाऊस मुलताईला पडतो, दरवाजे सिंभोऱ्याला उघडतात आणि पाणी आर्वी, देवळीच्या शिवारात चढते. वर्धा नदी दुथडी भरली की यशोदा, वेणा यांसारख्या उपनद्यांचे पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे तुंबते आणि नदीपासून दूरची शेतेही बुडतात. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांत शेतीचे आणि वस्त्यांचे असेच मोठे नुकसान झाले.

या नदीची सर्वांत भीषण आठवण ३० जुलै १९९१ ची आहे. त्या दिवशी वर्धा जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव महापुराने उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली आणि गावाचे दुसऱ्या जागी पुनर्वसन करावे लागले. मोवाडचा धडा जिल्ह्याच्या सीमेला बांधलेला नाही, कारण नदी तीच आहे.

धरणाने पूर थोपवता येतो, पण त्यासाठी धरणात जागा रिकामी असावी लागते. सिंचनाला आणि पिण्याला (अमरावती शहर ऊर्ध्व वर्धाचेच पाणी पिते) धरण लवकर भरलेले हवे असते. पुरापासून बचावासाठी ते ऑगस्टपर्यंत थोडे रिते राहायला हवे. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, याचे वेळापत्रक जलसंपदा विभागाकडे असते. ते पाळताना पाणी सोडण्याची सूचना खालच्या गावांना किती तास आधी पोचते, हा कळीचा प्रश्न आहे. दवंडी, व्हॉट्सअॅप आणि पोलीस पाटील ही तिन्ही साधने वापरतात. रात्री दोन वाजता दरवाजे उघडले तर यांतले बहुधा पोलीस पाटीलच कामी येतात.

नदीकाठच्या बांधकामासाठी राज्यात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. नियम स्पष्ट आहे. घरे मात्र जागा स्वस्त मिळेल तिथे उठतात, आणि स्वस्त जागा नाल्याकाठीच असते.

उष्णता व वीज : मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, विदर्भात आजही कॅलेंडरइतकाच गंभीरपणे मोजला जातो. उपाय साधेच आहेत : रोजगार हमीची व बांधकामाची कामे सकाळी लवकर उरकणे, शाळांच्या वेळा बदलणे, रुग्णालयांत उष्माघात कक्ष ठेवणे. भारतात उष्णतेचा पहिला शहरी कृती आराखडा २०१३ मध्ये अहमदाबादने केला. तेथे २०१० च्या लाटेत मोठी जीवितहानी झाली होती. खेड्यात अडचण वेगळी आहे. भर मेमध्ये वावरात पऱ्हाट्या वेचणारी बाई कोणत्याही कामाच्या पाळीत मोडत नाही. तिचा मृत्यू उष्माघाताने झाला, हे कागदावर सिद्ध करणेही अवघड असते.

वीज पडून होणारे मृत्यू मुख्यतः पेरणीच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची पूर्वसूचना देते. शेतात मात्र मोबाइल बहुधा डब्याजवळ पिशवीत असतो.

कायदा व यंत्रणा : १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाची घडी बसू लागली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने तिला देशभर कायदेशीर रूप दिले. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. शोध व बचावासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. पहिले काही तास मात्र गावकरी, पोलीस आणि नगरपालिकेचे अग्निशमन दल यांचेच असतात.

मदतीचा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातील (२०२१–२६) केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट, कीडरोग होते. उष्णतेची लाट आणि वीज नव्हत्या. राज्याने आपल्या अधिकारात वीज पडणे, अवेळी पाऊस, अतिवृष्टी या आपत्ती मानल्या आणि २०२३ मध्ये सततच्या पावसाची त्यात भर घातली. वीज पडून माणूस गेल्यास वारसांना चार लाख रुपये मिळतात. वर्ध्यासारख्या जिल्ह्याला या राज्ययादीचा उपयोग केंद्राच्या यादीहून जास्त झाला, असे म्हणायला हरकत नाही.

पिकांच्या मदतीसाठी अतिवृष्टीची कसोटी चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिमी. पाऊस ही आहे आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असावे लागते. पुढे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. या पद्धतीतला दोष मापकातच आहे. एका मंडळात कित्येक गावे मोडतात आणि विदर्भातला वळवाचा पाऊस चार किलोमीटरांत रंग बदलतो. स्वयंचलित हवामान केंद्रावर ५८ मिमी. नोंदले गेले आणि तुमच्या शिवारात नाला फुटला, तर दाद मागण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

दुष्काळाचे मोजमाप आणखी सावकाश होते. खरीप पिकांची पैसेवारी (नेहमीचे उत्पन्न रुपया मानून यंदाच्या उत्पन्नाचे पैशांतले माप) सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम अशी जाहीर होते. ५० पैशांखालची गावे सवलतींना पात्र ठरतात. डिसेंबरपर्यंत शेतकऱ्याने कापूस विकून सावकाराचा हप्ता दिलेला असतो.

या संथ आपत्तीचे टोक म्हणजे शेतकरी आत्महत्या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातले पाच जिल्हे अमरावती विभागातले होते. सहावा वर्धा, नागपूर विभागातला एकमेव. त्या दौऱ्यात ते वर्ध्याजवळच्या वायफड गावालाही गेले होते. पॅकेजने कर्ज हलके केले, पण कोरडवाहू कापसाची जोखीम होती तिथेच राहिली. ती कमी करण्याचे अधिक ठोस प्रयत्न पुढे पाणलोटाच्या कामांतून झाले. आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने श्रमदानातून जलसंधारण करून २०१७ ची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा राज्यात जिंकली. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही वर्ध्याची गावे होती.

मानवनिर्मित धोके : जिल्ह्याच्या आराखड्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचा विचार टाळता येत नाही. ३०–३१ मे २०१६ च्या रात्री तेथील आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान सोळा जण मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच सोनेगाव (आबाजी) येथे निकामी करावयाचा दारूगोळा फुटून सहा जण गेले.

२००५ च्या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा दरवर्षी फेरविचार करून तो अद्ययावत करावा लागतो. आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाशी १०७७ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो.