गाडीतलं फर्स्ट एड किट: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि कधी बदलायचं

गेल्या वर्षी गणपतीला पुण्याहून रत्नागिरीला येत होतो. आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या जरा अलीकडे आमच्या पुढची बाईक ओल्या रस्त्यावर घसरली. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता, पण गुडघ्याखाली मोठी जखम झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली आणि जरा रुबाबातच म्हणालो, "थांबा, माझ्याकडे फर्स्ट एड किट आहे."

किट डिकीत होतं. त्यावर दोन बॅगा, मखराचं सामान आणि मिठाईचे खोके. पेटी हातात यायलाच दोन-तीन मिनिटं गेली. उघडून बघतो तर चिकटपट्टीचा गोंद वितळून ती स्वतःलाच चिकटलेली, लोशनची बाटली सुकलेली, कात्री गंजलेली आणि गॉजचं एकच छोटंसं पाकीट. शेवटी बहिणीने आपल्या ओढणीची घडी करून जखमेवर दाबून धरली. १०८ ची अँब्युलन्स येईपर्यंत तिने हात हलवला नाही. त्या मुलाला टाके पडले, आता तो ठीक आहे. यात माझ्या किटचा वाटा शून्य.

गाडी चार वर्षं जुनी होती आणि ती पेटी मी एकदाही उघडली नव्हती. म्हणजे फीचर प्रॉडक्शनमध्ये टाकलं आणि टेस्ट कधी केलंच नाही, असा प्रकार. त्यानंतर मी हे सगळं नीट वाचलं, एका डॉक्टर मित्राचं डोकं खाल्लं आणि पेटी पहिल्यापासून भरली. ते सगळं इथे देतोय.

आपल्याकडे हे जास्त का लागतं

रत्नागिरी जिल्ह्यात कुठूनही या, घाट चुकत नाही. मुंबईकडून एनएच-६६ ने आलात तर कशेडी, भोस्ते, परशुराम. कोल्हापूरकडून आलात तर आंबा. कराडकडून आलात तर कुंभार्ली. कशेडीला बोगदा झाला, रस्ता रुंद होतोय, हे सगळं खरं. पण गुहागर, दापोली, राजापूरच्या आतल्या रस्त्यांवर आजही वळणामागे वळण आहे, आणि पावसाळ्यात दरड किंवा झाड कधी आडवं येईल सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा शहराकडे येणारे रस्तेच बंद पडले होते.

मोटार वाहन कायद्यात 'गोल्डन अवर' म्हणजे गंभीर जखम झाल्यानंतरचा पहिला एक तास. या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. या तासातली पहिली दहा-पंधरा मिनिटं अँब्युलन्स वाटेत असते आणि जखमी माणसाजवळ फक्त तुम्ही असता. किट त्या पंधरा मिनिटांसाठी आहे.

पेटीत काय हवं

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार किटमध्ये बँडएडच्या पट्ट्या भरपूर आणि रक्त थांबवायचं सामान कमी असतं. आपल्याला उलट हवं. बोट कापलं तर रुमालानेही भागतं.

त्यामुळे सुरुवात गॉजपासून. १० बाय १० सेंटीमीटरची निर्जंतुक गॉज पॅड, वेगवेगळ्या बंद पाकिटातली, किमान दहा. मग १० आणि १५ सेंटीमीटर रुंदीची रोलर बँडेजं, प्रत्येकी दोन-तीन. दोन क्रेप बँडेज, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, कारण मुरगळलेला पाय आणि दाबून धरलेलं गॉज दोन्हीला ती चालते. रबरी हातमोज्यांच्या चार जोड्या, शक्यतो नायट्राइलच्या. मायक्रोपोर टेपची दोन रोल. बोथट टोकाची दणकट कात्री, कारण जीन्स कापावी लागते आणि नेलकटरच्या सेटमधली कात्री तिथे रडते. मोठ्या सुती कापडाचे दोन त्रिकोणी तुकडे, हात गळ्यात बांधायला. जुन्या धुतलेल्या पंच्यातून घरीच कापता येतात. चिमटा, सेफ्टी पिना, पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब, बँडएड आणि एक टॉर्च. (फोनचा टॉर्च आहे की, असं म्हणाल. पण त्याच फोनवरून तुम्ही १०८ शी बोलत असणार.)

कापूस मुद्दाम लिहिला नाही. उघड्या जखमेवर थेट कापूस ठेवला की त्याचे तंतू आत अडकतात आणि नंतर डॉक्टर ते काढत बसतात. हळद, कॉफी पावडर, चुना हेही नको. जखम धुवायला बाटलीतलं स्वच्छ पिण्याचं पाणी पुरतं. मात्र जोरात रक्त वाहत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, आधी दाबा.

रक्त कसं थांबवायचं

हातमोजे घाला. गॉजची जाड घडी थेट जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोरात दाबा. निदान दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. "थांबलं का?" म्हणून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि बघितलं की तयार होत आलेली गुठळी निघून रक्त पुन्हा सुरू होतं. गॉज भिजलं तर ते काढायचं नाही, त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. रक्त आवरलं की वरून रोलर किंवा क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा. पण बोटं निळी किंवा बधिर पडत असतील तर थोडं सैल करा. जखमेत काच किंवा पत्रा रुतला असेल तर ओढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

आपल्याकडे अपघात झाला की पहिला आवाज येतो, "पाणी द्या रे त्याला." बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल तर जखमीला उचलून बसवू नका, मान हलवू नका.

घाटात गाडी गरम झाली आणि कुणी रेडिएटरचं झाकण उघडलं, हा दुसरा नेहमीचा प्रसंग. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहायचं. बर्फ नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. म्हणून गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवा. तो किटचाच भाग समजा.

साप आणि विंचवावर पेटीत काहीही औषध नसतं आणि नसावं. कोकणात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. त्यावरचं प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. चिरा देणं, चोखणं, दोरीने आवळून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी, कडं, पैंजण काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते औषधही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

गोळ्या कमीच

पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि घरच्यांपैकी कुणाला नेहमी लागणारी औषधं, बस. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचा. एक लिटरचं पाकीट वेगळं आणि २०० मिलीचं वेगळं. अर्ध्या बाटलीत अख्खं मोठं पाकीट ओतू नका. आणि टेट्रापॅकमधल्या गोड पेयाला ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांनी नावात 'ओआरएस' वापरायचं नाही, असा आदेश एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलाय.

गाडी लागण्यावरच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्या मागे बसणाऱ्यांसाठी. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने त्या घ्यायच्या नाहीत. बाईकवाल्यांना दिलेली औषधं हा आणखी एक घोळ: अनोळखी जखमीला स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी देऊ नका.

किट कसं मरतं

हा भाग कुणी सांगत नाही, आणि माझी पेटी इथेच गेली होती. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तापमान ५० अंशांच्या पुढे सहज जातं, डॅशबोर्ड तर त्याहून तापतो. बहुतेक गोळ्यांच्या पट्टीवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. म्हणजे वर लिहिलेली एक्सपायरी तुमच्या गाडीत लागूच होत नाही, औषध त्याआधीच कमजोर होऊ शकतं. इन्सुलिन तर गाडीत ठेवायचंच नाही. गोळ्या मी आता हँडबॅगेत ठेवतो आणि गाडीतून उतरताना बरोबर नेतो, पेटीत फक्त मलमपट्टीचं सामान. सॅनिटायझर पेट घेणारा असतो, तोही डॅशबोर्डवर नको.

मग जून येतो. चार महिने हवेत पाणीच पाणी. कागदी वेष्टनातलं गॉज ओलं झालं की ते निर्जंतुक राहिलं असं धरायचं नाही, तारीख काहीही असो. त्यात समुद्राची खारी हवा, म्हणून कात्री गंजते. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक प्रकार वेगळ्या झिपलॉक पिशवीत, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि कात्रीला तेलाचं बोट.

जागा म्हणाल तर पुढच्या डाव्या सीटखाली. तिथे ऊन कमी लागतं आणि दोन सेकंदात हात पोचतो. पेटी सरकणार नाही अशी अडकवा. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र नको, ब्रेक मारल्यावर घरंगळून पेडलखाली येईल. डिकी का नको ते वर सांगितलंच, शिवाय मागून धडक बसली तर डिकी उघडेलच असं नाही. डिकीत ठेवायचा तो रिफ्लेक्टर त्रिकोण. घाटात तो वळणाच्या अलीकडे लावा, वळणानंतर लावून उपयोग नाही.

फोनचं काम

घाटात रेंज जाते, त्यामुळे 'तेव्हा व्हिडिओ बघू' हा प्लॅन धरू नका. गुगल मॅप्समध्ये रत्नागिरी, चिपळूण आणि घाटाचा भाग ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे निळा ठिपका तसाही दिसतो. त्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. ते फोनवर वाचून दाखवा आणि जवळचा किलोमीटरचा दगडही सांगा.

तुमच्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा. आपत्कालीन कॉल त्या जागी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही जाऊ शकतो. अँब्युलन्ससाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पॉवर बटण पटापट दाबून मदत मागायची सोय बहुतेक नव्या फोनमध्ये आहे, पण ते तीनदा की पाचदा हे फोनप्रमाणे बदलतं. सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधा आणि आजच बघा. तिथेच रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर भरा. लॉक न उघडताही ते दिसतं.

थांबलो तर पोलिसांच्या भानगडीत अडकू, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. आणि मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. त्यामुळे "पैसे कोण भरणार" म्हणून दवाखाना लांबवू नका.

सीपीआर मात्र लेख वाचून येत नाही. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेड क्रॉस प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. मिनिटाला १०० ते १२० दाब म्हणजे नेमका किती वेग, ते पुतळ्यावर केल्याशिवाय हाताला कळत नाही.

तपासणी

दसऱ्याला गाडी धुवून हार घालतोच, त्याच दिवशी पेटी उघडायची. दुसरी वेळ गुढीपाडव्याची. दोन्हींमध्ये साधारण सहा महिने असतात, एक उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एक पावसाळा संपल्यावर. फोनचं कॅलेंडर तिथी धरून रिपीट करत नाही, म्हणून रिमाइंडर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला लावलाय.

तपासताना प्रत्येक पाकीट हातात घ्या. टेपचा तुकडा काढून खरंच चिकटतो का बघा, हातमोजा ताणून फाटतो का बघा, टॉर्च लावून बघा. सगळ्यात आधी संपणारी तारीख मार्करने झाकणावर मोठी लिहा. संपत आलेलं सामान घरच्या ड्रॉवरमध्ये वापरायला काढा आणि पेटीत नवीन टाका. यादीचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलाय, कारण पेटीतलं बँडएड कुणी वापरलं ते मला कधीच कळत नाही. आता वापरणाऱ्याने तिथे लिहायचं, आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जाईल त्याने ते भरायचं.